सुपा ते परदेश, मार्गे वाकडेवाडी

प्रवासवर्णनाचा लेखक शेवटी कुठे तरी पोचलेला असतो, असा आपल्याकडे संकेत आहे. आम्ही सुप्याहून निघून पुण्याच्या वाकडेवाडी स्टँडवर पोचलो, तिथून रिक्षाने व्हिसा अर्ज केंद्रात गेलो आणि रात्रीच्या जेवणाला घरी परतलो. परदेश प्रवास एवढाच झाला. ज्या देशाला जायचे होते त्याचे नाव इथे घेत नाही. पुढेमागे पुन्हा अर्ज करायचा आहे, आणि तिकडचे साहेब मराठी वाचत नसतील कशावरून?

निमित्त होते बाळंतपणाचे. थोरली तिकडे असते. पहिले बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. पण सातव्या महिन्यात पोरीने विमानात बसणे जावईबापूंना पटेना. तेव्हा माहेरानेच उठून तिकडे जायचे ठरले. मंडळींनी त्याच आठवड्यात डिंक, खारीक आणि खोबरे आणून टाकले. व्हिसा हे काम लाडू वळून झाल्यावर करायचे असते, अशी त्यांची समजूत होती.

सुपा म्हटले की आधी कुठले ते सांगावे लागते. बारामती तालुक्यात एक सुपे आहे. ते शहाजीराजांच्या जहागिरीतले, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसले. कर्नाटकात काळी नदीवर एक सुपा आहे, तिथे मोठे धरण आहे. आमचे सुपा नगर-पुणे रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले. इतिहास बारामतीकरांनी नेला, पाणी कर्नाटकाने. आमच्या वाट्याला वारा आला. म्हणून कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. गाव सांगून झाले की जिल्हा सांगायचा. पासपोर्टवर अहमदनगर. २०२४ साली जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले, म्हणून बँकेच्या ताज्या दाखल्यावर अहिल्यानगर. नगरचा एजंट म्हणाला, ‘‘साहेबाला वाटेल दोन घरं आहेत तुमची. प्रतिज्ञापत्र करा.’’ हे दोन्ही जिल्हे एकच असल्याचे सरकारने राजपत्रात छापले होते. ते पुरेसे नव्हते म्हणून मी स्टॅम्पपेपरवर सही करून सरकारला दुजोरा दिला.

बाकी रकाने कितीही असोत, अर्जातला खरा प्रश्न एकच असतो: परत येणार कशावरून? अमेरिकेने तर १९५२ च्या कायद्यातच लिहून ठेवले आहे, की आलेला पाहुणा कायमचा राहायलाच आला आहे असे धरून चालावे आणि तसे नाही हे पाहुण्याने पटवावे. कलम २१४ (ब). इतर देशांची भाषा जरा मऊ असते, पण संशय तोच. आमच्याकडे पाहुण्याला ‘कधी जाणार’ असे विचारले तर सात पिढ्या बोलणे बंद होते.

आता सुप्याचा माणूस परत येतो याचे पुरावे काय कमी आहेत? तालुक्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या पोटासाठी मुंबईला जातात. पण पौषात कोरठणच्या खंडोबाची यात्रा भरली की बिऱ्हाडासकट हजर असतात. माझ्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, त्यातली एक माझ्याशिवाय कोणाला पान्हा सोडत नाही. शिवाय चुलतभावाशी बांधावरून दावा चालू आहे, पारनेरच्या कोर्टात. बांधाचा दावा अर्धवट टाकून परदेशी स्थायिक झालेला शेतकरी कोणी पाहिला आहे? मी दाव्याच्या तारखांचा कागद सगळ्यात वर लावला होता. एजंटाने तो काढून टाकला. ‘‘कोर्टकचेरी दिसली की संशय येतो,’’ म्हणाला. मग म्हशीचा विमा लावू का, विचारले. त्याने पाणी मागितले.

त्याला हवा होता बँकेचा उतारा, आयकर विवरण आणि पगाराची पावती. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, म्हणून विवरण नाही. पगार आम्हीच दुसऱ्याला देतो. राहता राहिले खाते. आमचे खाते म्हणजे हंगा नदी. वर्षभर वाळू आणि एखादा दिवस पूर. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी येतात आणि पेंडीला जातात. उन्हाळी कांदा चाळीत साठवायचा, दसऱ्याच्या सुमारास भाव बरा दिसला की नेप्तीच्या बाजारात न्यायचा. त्या पट्टीचे पैसे एकदम पडतात, आणि सोसायटी, खतवाला, डिझेलवाला यांचे देऊन आठवड्यात संपतात. हे सुप्यात शेंबड्या पोराला कळते.

पुण्याला निघालो तेव्हा खरे प्रवासवर्णन सुरू होईल असे वाटले होते. घोड नदीचा पूल ओलांडला की आमचा जिल्हा संपतो. मंडळींनी पुलावरून नदीला हात जोडले. रांजणगावच्या महागणपतीला खिडकीतूनच नारळ कबूल केला. मग वाघोली आली आणि मुक्कामाला थांबली. वाघोलीच्या कोंडीत माणसाला एवढा वेळ मिळतो की तेवढ्यात सुपा ते दुबई विमान गेले असते. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मंडळींना बाळंतकाढ्याची अख्खी कृती सांगितली, नंतर त्यात काय चुकले तेही सांगितले, तरी वाघोली संपली नव्हती.

केंद्रात थंडगार हवा, गळ्यात पट्टे घातलेली तरुण मुले आणि ‘मॅम, सर’. मुलाने फोटो पाहिले आणि परत केले: मागची भिंत पांढरी हवी, चेहरा मोकळा हवा, हसू नको. हसू नको ही अट मंडळींना मान्य होती, पदराची नव्हती. ‘‘सासऱ्यांसमोर कधी पदर पडू दिला नाही, तो कॅमेऱ्यासमोर पाडू?’’ शेवटी पदर कानामागे नेऊन तडजोड झाली. मग बोटांचे ठसे. यंत्राला माझे ठसे कसेबसे सापडले, मंडळींचे सापडेनात. तीस वर्षे भाकरी थापून आणि धारा काढून बोटांवर रेषाच राहिलेल्या नव्हत्या. मुलाने ओल्या रुमालाने बोटे पुसली, दाबली, पुन्हा पुसली. मला वाटले, परत येण्याचा पुरावा हाच आहे, याचाच फोटो काढून पाठवा. पण तसा रकाना नव्हता. मुलाचा काही दोष नाही. व्हिसा देणे न देणे त्याच्या हाती नव्हते, त्याचे काम फक्त कागद आणि बोटे पुढे पाठवायचे.

पाकीट कुरिअरने आले. कुरिअरवाला वस्तीवर येत नाही. चौकातून फोन करतो, म्हणजे पाकीट आपल्या हाती येण्याआधी चौकाच्या हाती पडते. पासपोर्ट कोरे परत आले होते. सोबत पत्र. अमुक तारखेला खात्यात मोठी रक्कम एकदम जमा झाली असून तिचा उगम स्पष्ट होत नाही, आणि मुदत संपल्यावर अर्जदार मायदेशी परततील याची खात्री पटत नाही. उगम कांदा होता. नेप्तीची पट्टी जोडली होती. पण जगाच्या पाठीवर कुठल्याशा कचेरीत बसलेल्या साहेबाला, कांद्याचे एवढे पैसे होतात हे पटले नसावे. सरकारलाही कधी कधी पटत नाही, मग ते निर्यात थांबवते.

चौकाने निवाडा दिला तो असा: ‘‘मास्तर, तुम्ही म्हातारे दिसत नाही, तिथं कामाला लागाल असं वाटलं असंल.’’ मी मास्तर नाही. चष्मा आहे म्हणून म्हणतात. दुसरा म्हणाला, ‘‘आपल्या एमआयडीसीत जपान्यांसाठी वेगळा पट्टा ठेवलाय. ते येतात तर त्यांना कोण विचारतं, सुप्यातच राहणार का म्हणून?’’ हा मुद्दा बिनतोड होता. जपान्याला सुप्यात कायमचे राहावेसे वाटेल, ही भीती आपल्या कोणत्याही सरकारला आजवर शिवलेली नाही.

मी मनाची समजूत इतिहासाने घातली. पारनेरचेच पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती. पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धात आली. परत येणार का, असे बापटांना कोणी विचारले नाही. ते १९०८ साली परत आले, येताना बाँब बनवण्याची कृती घेऊन. म्हणजे ज्याने परत येऊ नये असे इंग्रजांना वाटायला हवे होते, तो हमखास परतला. लोकमान्यांची तऱ्हा उलटी. १९१८ साली होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन ते विलायतेला निघाले आणि कोलंबोला पोचल्यावर पासपोर्ट रद्द झाल्याचे कळले. पुढे पॅरिसच्या शांतता परिषदेला काँग्रेसने त्यांना प्रतिनिधी नेमले, तर तिथला पासपोर्टही मिळाला नाही. हे सगळे मी मंडळींना सांगितले. त्या म्हणाल्या, ‘‘टिळकांच्या पोरीचं बाळंतपण होतं का तिकडं?’’

खरा घाव पुढे होता. विहीणबाईंना व्हिसा मिळाला. त्या कोथरूडच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. दर महिन्याला ठरल्या दिवशी ठरलेली पेन्शन. म्हणजे पहिले बाळंतपण सासरने केले, आणि हे भावकीत सांगायचे कसे, यावर आमच्या घरी आठवडाभर स्वयंपाक मुक्याने झाला. लाडू मात्र गेले. मी स्वतः कोथरूडला डबा पोचवला. विहीणबाईंनी तो बॅगेत घातला, तिकडच्या विमानतळावर उघडून दाखवला, आणि लाडूंना कोणी विचारले नाही की परत कधी जाणार.

नात झाली. जन्म तिकडचा, म्हणून पासपोर्टही तिकडचा. आता तिला खंडोबाच्या पायावर घालायला सुप्याला आणायचे आहे, तर तिला आपल्या सरकारचा व्हिसा लागतो. अर्ज थोरलीने भरला आहे. भारतातल्या ओळखीच्या माणसाचे नाव विचारतात, तिथे माझे नाव दिले आहे.