सरांची हॅट

"पहिलं कसं होतं बाई, माणूस बोडक्या डोक्यानं दिसला की लोक इचारायचे, कोण गेलं? आता डोक्यावर काही घातलं की इचारायलेत, काय झालं?" काकूंनी शेवग्याची शेंग मोडत एवढं बोलून घेतलं आणि आमची सकाळची बैठक सुरू झाली.

विषय अर्थात सरांची हॅट.

आमच्या तीन घरांच्या कंपाउंडच्या भिंती मागच्या अंगाला एका कोपऱ्यात मिळतात. तिथं काकूंचा शेवगा आहे. हिंगोलीतल्या निम्म्या बातम्या पेपरात यायच्या आधी त्या शेवग्याखाली येतात. डावीकडे काकू, मूळच्या सेनगाव तालुक्यातल्या. उजवीकडे वहिनी आणि सर. सरांनी जन्मभर इतिहास शिकवला, आता रिटायर आहेत. डोक्यावर केस उरले नाहीत आणि आपल्याकडचं ऊन तर मार्चपासूनच सुरू होतं. म्हणून पुण्याच्या लेकानं दिवाळीत बापासाठी हॅट आणली. तपकिरी, फेल्टची, भोवती काळी पट्टी, पुढची कड जरा खाली झुकलेली. कपाट उघडून आरशासमोर घालून बघायची वस्तू, असं वहिनींना वाटलं होतं. सरांनी ती थेट मंडईत नेली.

"मी म्हणलं ह्यांना, अंगणात घाला, गच्चीवर घाला, पण भाजीला जाताना नको," वहिनी म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ. ज्या बाईकडून मी पंधराला पावशेर भेंडी घेते, तिनं ह्यांना पंचवीस सांगितले."

"आन गुर्जींनी दिले?"

"नाही ना. घाम आला म्हणून हॅट काढली, तर ती बाई म्हणते, अगोबाई, सर तुम्ही होय! आणि पंधरा घेतले. तिचा पोरगा ह्यांच्या हाताखालून गेलेला."

काकू एवढ्या हसल्या की शेंगा सांडल्या. दहा रुपयांची टोपी, असं नाव त्या दिवशी पडलं ते पडलंच.

पण नुसत्या भाजीवर भागलं नाही. सर औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले. तिथं गाभाऱ्यात उतरायची वाट केवढी चिंचोळी, तुम्हाला ठाऊक आहे. वाकून, जवळजवळ बसूनच खाली जावं लागतं. तिथं हॅटीचं काय काम? ती वहिनींनी पिशवीत कोंबली. बाहेर आल्यावर पुन्हा डोक्यावर आणि मग चहाची टपरी. टपरीवर एक म्हातारबा सरांकडे बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले आणि म्हणाले, "साहेब, तुमचं ते लायगो कवा चालू व्हणार?"

आता औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगोची वेधशाळा होतेय, हे खरं. चार-चार किलोमीटरचे दोन हात काटकोनात, आणि त्यातून म्हणे आभाळात कुठं तरी दोन कृष्णविवरं आदळली तर इथं कळणार. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रानं दोन हजार सहाशे कोटी मंजूर केले. तेव्हापासून त्या भागात जरा वेगळ्या कपड्यातला माणूस दिसला की तो शास्त्रज्ञच. सरांनी परोपरीनं सांगितलं की मी रिटायर मास्तर आहे, शिवाजी महाराज शिकवायचो. म्हातारबांनी मान हलवली. मोठी माणसं असंच सांगतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी नातवाचं नाव, आयटीआयचा ट्रेड आणि मोबाइल नंबर एका चिठ्ठीवर लिहवून घेतला आणि ती चिठ्ठी सरांच्या शर्टच्या खिशात घातली.

"ती चिठ्ठी अजून ह्यांच्या पाकिटात आहे," वहिनी म्हणाल्या. "फेकवत नाही म्हणतात."

ह्यात हसण्यासारखं फार नाही, असं मला वाटलं. पण गप्पांत अशा जागी कोणी थांबत नाही. काकूंनी लगेच आपल्या मालकांची टोपी काढली.

काकूंचे मालक म्हणजे पांढऱ्या टोपीचा माणूस. टोपी कशी धुवायची, ह्यावर काकू आजही तासभर बोलू शकतात. भाताची पेज गाळून घ्यायची, दाट नको. नीळ घालायची ती एका थेंबाच्या हिशेबानं, नाही तर टोपी आकाशी होते. पुरती वाळायच्या आत काढायची, घडीवर घडी बसवायची आणि पितळी तांब्यात निखारे घालून वरून फिरवायचा. "टोकाला सुरकुती पडली तर न बोलता पुन्हा माझ्यापुढं ठिवायचे," काकू म्हणाल्या. "भांडण नाही, काही नाही. नुसती टोपी पुढं."

"मग लोक काय म्हणायचे त्यांना?"

"काय म्हणणार? समद्यांच्याच डोक्यावर व्हती. पण तुम्हाला खरं सांगू का, टोपी एकच, माणूस बघून मान. पुढाऱ्याच्या डोक्यावर आसली की कचेरीतला शिपाई उठून उभा. ह्यांच्या डोक्यावर आसली की तोच शिपाई, थांब रे बाबा, साहेब जेवायलेत."

हे ऐकून सर मागच्या दारी आले. दात घासायचं निमित्त होतं. खरं तर आत बसून ते सगळं ऐकत होते. इतिहासाच्या माणसाला टोपीचा विषय मिळाला की तो आवरत नाही. निजामाच्या राज्यात हीच पांढरी टोपी म्हणजे संशय, असं सर म्हणाले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला, स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. खादी आणि पांढरी टोपी घातलेला माणूस पोलिसांनी नीट निरखून बघावा, असे ते दिवस. आणि कचेरीतल्या अंमलदाराच्या डोक्यावर लाल रुमी टोपी, वर काळा गोंडा. गंमत अशी की तिकडे तुर्कस्तानात केमाल पाशानं १९२५ साली कायदा करून ती रुमी टोपी बंद पाडली आणि लोकांना विलायती हॅट घालायला लावली. इकडे आपल्याकडे मात्र ती चालूच. खुद्द निजाम जगातला श्रीमंत माणूस म्हणून गाजलेला, पण त्याचीही टोपी जुनाट, विटकी असायची म्हणतात.

"म्हंजी त्याला बी कोणी तरी नवी आणून द्यायला पाहिजे होती," काकू म्हणाल्या.

"मग १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि सगळं फिरलं," सर म्हणाले. "जी टोपी घालायला लोक भीत होते ती आली खुर्चीवर."

सरांच्या ह्या हॅटीला कॉलेजची पोरं जे नाव ठेवतात ते मात्र वेगळंच आहे. बसस्टँडकडं जाताना मोटारसायकलवरची तीन पोरं ओरडली, "ए भगतसिंग!" दुसरा कोणी असता तर खाली मान घालून गेला असता. सरांनी हात करून गाडी थांबवली. पोरांना वाटलं, आता बोलणं खावं लागणार. सरांनी विचारलं, "भगतसिंगांनी हॅट का घातली होती, माहितीय?" तिघांनाही माहीत नव्हतं. मग भर उन्हात, रस्त्याच्या कडेला तास झाला.

तो तास सरांनी आम्हालाही शेवग्याखाली पुन्हा घेतला, आणि खरं सांगते, मला तो आवडला. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरात पोलीस अधिकारी साँडर्सला गोळ्या घातल्यावर पोलीस शोधत होते दाढी-पगडीतल्या शीख पोराला. भगतसिंगांनी केस-दाढी उतरवलेली होती, त्यावर ओव्हरकोट चढवला आणि फेल्ट हॅट घातली. क्रांतिकारकांच्या साथीदार दुर्गाभाभी मुलाला बरोबर घेऊन मडम झाल्या. आपले राजगुरू, खेडचे, मराठी माणूस, ते सामान उचलणारे नोकर. ह्या थाटात सगळे लाहोर स्टेशनातून पोलिसांच्या डोळ्यांदेखत गाडीत बसले. पुढं १९२९ च्या एप्रिलमध्ये असेंब्लीत बॉम्ब टाकायच्या आधी दिल्लीत जो फोटो काढला, तो हॅटमधला, आणि तोच आता २३ मार्चला आपल्या चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर असतो.

"बघा," सर म्हणाले, "त्या काळी हॅट घातली की माणूस साहेब ठरायचा आणि साहेबाकडे मान वर करून कोणी बघत नव्हतं. लपायला हॅट! आणि मी हॅट घातली तर अर्धी हिंगोली मागं लागते."

"तुम्ही साँडर्सला मारलं नाही ना," वहिनी म्हणाल्या.

एका चपलांच्या दुकानदारानं मात्र सरांना सुखावलं. त्याच्या गल्ल्यामागं बाबासाहेबांचा हॅट घातलेला फोटो लावलेला होता. त्यानं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा सरांकडं, आणि नुसतं म्हणाला, "शोभते सर." भावही एकच सांगितला.

आता काकूंचा मुद्दा असा की लोक हसतात ते टोपीला नाही, सवय नसण्याला. नर्सी नामदेवला पंजाबातून भाविक येतात, नामदेवरायांची एकसष्ट पदं त्यांच्या ग्रंथसाहिबात आहेत म्हणून. त्यांच्या एवढाल्या निळ्या-केशरी पगड्यांकडे आपल्याकडचं शेंबडं पोरही वळून बघत नाही. स्कूटीवरच्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून अख्खं तोंड स्कार्फात गुंडाळतात, कोणी विचारत नाही. मे महिन्यात प्रत्येक बाप्याच्या डोक्याला दस्ती बांधलेली असते, तेही चालतं. काकूंच्या सासऱ्यांचा पटका तर नुसता डोक्यापुरता नव्हताच. शेतात त्यात भाकरी बांधायची, ओझ्याखाली त्याचीच चुंबळ, दुपारी झाडाखाली त्याचीच उशी. कोणी विचारलं नाही की बाबा एवढं लांब कापड डोक्याला कशाला.

वहिनींना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, लोक टोपीवरून माणसाची जात, पक्ष, पगार सगळं काढतात, आणि ते जुनंच आहे. पुण्यात नाही का २०१८ साली शरद पवारांनी सांगितलं, सत्काराला पुणेरी पगडी नको, फुले पगडी घाला, आणि मग दोन महिने चर्चा पगड्यांचीच. आपल्याकडे २०११ ला अण्णा हजारेंचं उपोषण चाललं तेव्हा जीन्समधल्या पोरांनी टोप्या घातल्या. काकूंच्या मालकांना वाटलं, आली बुवा फॅशन परत. उपोषण सुटलं, टोप्याही उतरल्या. "टोपी म्हणजे पाटी आहे," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या पाटीवर काय लिहिलंय ते कोणाला वाचता येत नाही, म्हणून ज्याला जे पाहिजे ते वाचतो. भाजीवालीनं साहेब वाचलं, म्हातारबांनी नोकरी वाचली."

मला वाटतं, भांडणात वहिनी जिंकल्या. पण काकूंना तसं सांगायची सोय नाही.

नांदेडला झालं ते तर आणखी मजेचं. सर सचखंडला गुरुद्वाऱ्यात गेले तर दारातच सांगितलं, हॅट काढा, रुमाल बांधा. डोकं झाकलेलं पाहिजे, पण हॅटनं नाही. चर्चमध्ये जावं तर तिथं पुरुषानं हॅट हातात घ्यायची. आपल्या सप्ताहात टोपीवाचून टाळ हातात देत नाहीत, पण ही घालून हरिपाठाला उभं राहिलं तर बुवा अभंग विसरतील. सगळ्या देवांनी मिळून एका हॅटीला बाहेर ठेवलंय, असं सर म्हणतात.

"मग आमची घाला ना," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

आल्या त्या टोप्यांची अख्खी थप्पी घेऊन. लग्नातल्या, साखरपुड्यातल्या, तेराव्यातल्या. आपल्याकडचा टॉवेल-टोपीचा सत्कार कोणाला चुकलाय? नाव पुकारतात, माणूस मांडवात पुढं जातो, कपाळाला कुंकू लागतं आणि डोक्यावर कागदासारखी कडक टोपी टेकवली जाते. घातली जात नाही, नुसती टेकवली जाते, कारण ती कोणाच्याच मापाची नसते. फोटो निघाला की टोपी खिशात, घरी आल्यावर ट्रंकेत, आणि पुढच्या लग्नात त्यातलीच एक दुसऱ्याच्या डोक्यावर. आता पत्रिकेत आहेर नको असं छापतात, तरी टोप्या येतातच. काकूंच्या थप्पीत निदान चार गावांच्या सोयरिकी होत्या. तेराव्याची टोपी मात्र त्यांनी वेगळी बांधून ठेवली होती, ती त्यांनी सरांना दाखवली नाही. दुखवट्याची टोपी सोयऱ्यांनी घातल्याशिवाय घरचा माणूस डोकं झाकत नसे, त्यांच्या गावात तरी. बोडकं डोकं दिसलं की कोण गेलं असं लोक विचारायचे, ते ह्याच्यामुळं.

सरांनी तीन टोप्या घालून बघितल्या. एक कानांच्या वरच अडकली. दुसरी भुवयांवर आली. तिसरी बसली, छान बसली, आणि त्याच वेळी गल्लीतून दूधवाला जात होता. तो सायकल थांबवून म्हणाला, "सर, कोणत्या वॉर्डातून उभं राहायलाव?"

सर आत गेले आणि हॅट घालून बाहेर पडले.

उन्हाचं डोकं झाकतात ते बरंच करतात, आमचं काही म्हणणं नाही. फेल्ट लोकरीचं असतं, आत शिजतं म्हणे. पुढच्या वेळी लेकाला वेताची, हलकी आणायला सांगा, एवढं वहिनींना सांगून झालंय. तुम्हाला मात्र एक विनंती. हिंगोलीच्या मंडईत तपकिरी हॅटवाले गृहस्थ दिसले तर खुशाल हसा, फोटो काढा, भगतसिंगांबद्दल विचारा. वेळ हाताशी असेल तरच विचारा. पण भेंडीचा भाव पंधराच सांगा. पेन्शनीवर चाललंय घर.