पुणे–मेलबर्न, मार्गे न्हावा शेवा

पुण्याहून मेलबर्नला घर हलवायचे झाले की माणसे विमानाने जातात, सामान बोटीने जाते आणि गाडी मेहुण्याच्या ओळखीतल्या गिऱ्हाइकाकडे जाते. या तिन्हींत माणसांचे प्रकरण सर्वांत सोपे. व्हिसा आला, तिकीट निघाले, की दोन दिवसांच्या आत ती तिकडे पोचतात. त्यांना कोणी घनफुटांत मोजत नाही, त्यांच्यात कीड लपली आहे का ते तपासत नाही आणि गेल्या पाच वर्षांत त्यांनी कोणाला धडक दिली नाही याचा लेखी पुरावा मागत नाही. सामान आणि गाडी यांच्या वाट्याला हे सगळे येते.

सुरुवात सर्व्हेने होते. शिपिंग कंपनीचा एक तरुण कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर येतो, चहा नको म्हणतो, मग घेतो आणि घरभर हिंडतो. त्याच्याजवळ टेप नसते. तो कपाटाकडे नुसता बघतो आणि ‘पन्नास’ म्हणतो. घरातल्यांना वाटते पन्नास हजार. तो पन्नास घनफूट म्हणालेला असतो. वीस फुटी कंटेनरच्या पोटात सुमारे ३३ घनमीटर, म्हणजे साधारण ११६५ घनफूट जागा असते. दोन बेडरूमच्या बिऱ्हाडाने ती सगळी भरत नाही, म्हणून बहुतेक बिऱ्हाडे दुसऱ्याच्या कंटेनरमध्ये भागीदारीत जातात. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या, तेव्हापासून जगाचा माल पेटीत बसू लागला. त्या पेटीत पुण्यातले शिसवी देवघर, शेजारच्या खोक्यातल्या परक्या माणसाच्या ट्रेडमिलला टेकून समुद्र ओलांडेल, हे त्याच्या मनातही आले नसेल.

बोटीचे भाडे जागेवर असते, वजनावर नव्हे. एक घनमीटर माल एक टनापर्यंत असला तरी जागेचेच पैसे पडतात, आणि घरसामान कधीच इतके जड भरत नाही. विमानाचा हिशेब अगदी निराळा, तिथे जड माल महाग. परिणाम असा होतो की ज्या पाट्या-वरवंट्यावरून घरात दोन आठवडे वाद चाललेला असतो, तो तीस-पस्तीस किलोंचा पाटा अर्ध्या घनफुटात बसून जवळजवळ फुकट जातो. आणि ‘हलकी तर आहे’ म्हणून न बोलता मान्य झालेली कापसाची गादी आठ घनफूट खाते. सर्व्हेचा तरुण विचारतो, ‘‘आजी, हा पाटा पण न्यायचाय?’’ आजी म्हणतात, ‘‘तो आधी.’’ नात्याचे आणि शास्त्राचे असे एकमत फार क्वचित होते.

पॅकिंगच्या दिवशी पाच माणसे येतात आणि पाच तासांत घर खोक्यांत घालतात. त्यांचा वेग थक्क करणारा असतो. केराची बादली केरासकट बांधली गेल्याची उदाहरणे घरोघर सांगितली जातात. प्रत्येक खोक्याला क्रमांक पडतो आणि यादीत त्यापुढे इंग्रजीत मजकूर लिहावा लागतो, कारण तीच यादी पुढे कस्टम्ससमोर जाते. इथे मराठी स्वयंपाकघर अडते. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, सांडशी यांना लिहिणारा ‘किचन आयटम’ म्हणून एका रांगेत बसवतो. विळीपुढे मात्र तो थांबतो, पाते उघडमीट करून बघतो आणि ‘फोल्डिंग नाइफ विथ सीट’ असे लिहितो. मग जे उरते ते सतराव्या खोक्यात जाते आणि त्यावर लिहिले जाते, ‘किरकोळ’. प्रत्येक बिऱ्हाडात असा एक खोका असतो. पुढच्या सगळ्या चौकश्या त्याच्याचविषयी होतात.

काही खोके घरातली माणसे हौसेने स्वतः बांधतात, कारण देवांना आणि काचेच्या बरण्यांना परक्याचा हात नको असतो. विम्याच्या दृष्टीने हे घातक आहे. मालकाने स्वतः भरलेल्या खोक्यातली फूटतूट सागरी विमा सहसा भरून देत नाही. खोका अख्खा हरवला तरच काही मिळते. म्हणजे ज्या बरणीवर सर्वाधिक माया, तिलाच सर्वांत कमी संरक्षण.

या विम्यासाठी किमतींची यादी द्यावी लागते, आणि ती करताना घरात जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते. किंमत घेतली तेव्हाची नव्हे, तशी वस्तू मेलबर्नला नव्याने घेताना जी पडेल ती धरायची असते. मेलबर्नला सोऱ्या केवढ्याला पडेल हे कोणालाच माहीत नसते, म्हणून आकडे कमी लावले जातात. इथे सागरी विम्याचा जुना नियम आडवा येतो. लाखाच्या मालाचा पन्नास हजारांचा विमा उतरवला, तर उरलेल्या निम्म्याचा विमेदार मालक स्वतःच समजला जातो आणि नुकसानही निम्मेच भरून मिळते. याउलट ‘या वस्तूला किंमतच नाही’ असे आजी ज्या नथीच्या पेटीविषयी म्हणतात, तिच्यापुढचा रकाना रिकामा राहतो, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ विमा कंपनी शब्दशः घेते.

याच पॉलिसीत एक कलम असते, जे कोणी वाचत नाही: ‘जनरल अ‍ॅव्हरेज’. जहाज संकटात सापडले आणि ते वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर तो भार जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घेतात. हा दंडक भूमध्य समुद्रातल्या प्राचीन ऱ्होड्स बेटाच्या नावावर सांगितला जातो आणि आजही यॉर्क-अँटवर्प नियमांच्या रूपाने चालू आहे. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे बसले. त्यावर १८,००० हून अधिक कंटेनर होते. जहाज सुटल्यावर मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केले आणि जहाज बाहेर ओढण्याच्या खर्चात ज्यांचा माल वर होता ते सगळे भागीदार झाले. न्हावा शेवाहून मेलबर्नला जाताना सुएझ लागत नाही, बोट बहुधा कोलंबोला किंवा सिंगापूरला बदलते. पण नियम सगळ्या समुद्रांना सारखा आहे. विमा असेल तर कंपनी हमी देते. नसेल तर आधी रोख अनामत भरावी लागते आणि मगच प्रेशर कुकर सुटतो. सोसायटीच्या लिफ्टच्या खर्चात तळमजल्याने वाटा उचलावा की नाही यावर वर्षानुवर्षे भांडलेल्या माणसाला हे तत्त्व लगेच समजते आणि अजिबात पटत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या बंदरात सामानाकडे तिसऱ्याच नजरेने पाहिले जाते. तिथल्या जैवसुरक्षा अधिकाऱ्याला वस्तूची किंमतही नको असते आणि आकारही. यातून काय उगवेल, काय रांगेल, एवढेच त्याला बघायचे असते. त्याचा मोठा शत्रू म्हणजे खपरा भुंगेरा, आणि तो मूळचा भारतीय उपखंडातला. त्याची अळी फटीत शिरून अन्नावाचून वर्षानुवर्षे तग धरते. २०२० पासून ऑस्ट्रेलियाने बोटीने येणाऱ्या घरसामानातून, आणि मग प्रवाशांच्या बॅगांतूनही, काही वस्तू आणायला मनाई केली. त्या यादीत तांदूळ, गहू, तूर, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या आहेत. यादी वाचताना किराणामालाच्या दुकानात फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे वाटते. कारखान्यात भाजून, तळून किंवा उकडून पाकीटबंद केलेल्या मालाला सूट आहे; आजींनी स्वतः खमंग भाजलेल्या दाण्यांना ती लागू नाही, त्यांनी ते कारखान्यापेक्षा चांगले भाजले असले तरी.

लाकडी खोकेही तपासले जातात. पॅकिंगच्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास दिलेली असावी, किंवा त्याला मान्य औषधाची धुरी दिलेली असावी, आणि तसा शिक्का त्यावर हवा. केरसुणी ही अधिकाऱ्याच्या दृष्टीने वाळलेल्या पानांची जुडी असते. तिच्यातली लक्ष्मी त्याला दिसत नाही. ट्रेकिंगचे बूट हा वेगळा धोका. तळव्यात सिंहगडाची माती असते आणि माती आणायला सक्त बंदी आहे. ज्यात खोट निघेल त्या वस्तूवर प्रक्रिया करणे, ती परत पाठवणे किंवा नष्ट करणे, हे तीन पर्याय मिळतात आणि तिन्हींचे पैसे मालकाकडूनच घेतले जातात.

सीमाशुल्काची अट आणखी निराळी. निघण्याआधी किमान बारा महिने स्वतःकडे असलेल्या आणि वापरलेल्या घरगुती वस्तू करमुक्त येतात. त्यामुळे ‘तिकडे मिळायचा नाही’ म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात लक्ष्मी रोडवरून घेतलेला कोरा मिक्सर करपात्र ठरतो आणि झाकण बांधून ठेवलेला जुना घरघरणारा मिक्सर सन्मानाने आत जातो. दोन्ही देशांत वीज २३० व्होल्टची असल्याने तो तिकडे घरघरतोही. पिन तेवढी बदलावी लागते.

गाडीचे काम मात्र निघण्याआधीच उरकावे लागते आणि ते कधीच उरकत नाही. फॉर्म २९, फॉर्म ३०, चेसिस नंबरचा ठसा, पीयूसी हे सगळे देऊनही आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत जुना मालकच मालक राहतो. नोंदीत ज्याचे नाव तोच भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा यारा नदीच्या काठी फिरणाऱ्या गृहस्थाच्या भारतीय सिमवर नळ स्टॉपचा सिग्नल तोडल्याचे ई-चलान येऊ शकते. ते त्याला फारसे परके वाटत नाही.

गाडी विकली तरी एक गोष्ट विकायची नसते, ती म्हणजे नो क्लेम बोनस. वर्षभर विम्याकडे काही मागितले नाही तर पुढच्या हप्त्यात, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर, २० टक्के सूट मिळते. मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. गाडीची विमा-किंमत दरसाल उतरत जाते आणि हे पुण्य दरसाल चढत जाते. ते गाडीचे नसून मालकाचे असते, म्हणून कंपनीकडून त्याचे पत्र घेता येते आणि भारतात ते तीन वर्षे चालते. पण पन्नास टक्क्यांचा बोनस म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिले तर पाच वर्षे न मागितलेली भरपाई: डाव्या दारावरची रिक्षाची रेघ, सोसायटीच्या खांबाने आत ढकललेला बंपर, मंडईत कोणी तरी मोडलेला आरसा. गिऱ्हाईक गाडीभोवती एक फेरी मारते आणि या प्रत्येक पुण्याचे पैसे किमतीतून कापते.

हे पत्र घेऊन माणूस मेलबर्नला पोचतो. काही विमा कंपन्या ते वाचतात. काही फक्त ऑस्ट्रेलियात गाडी चालवल्याची वर्षे मोजतात, आणि ती शून्य असतात. व्हिक्टोरिया राज्यात गाडीच्या नोंदणीतच माणसांना झालेल्या इजेचा सक्तीचा विमा येतो. दुसऱ्याच्या गाडीचे नुकसान मात्र त्यात येत नाही; त्याचा विमा ऐच्छिक आहे. भारतात ‘थर्ड पार्टी’मध्ये दोन्ही येत असल्याने नवखा माणूस निर्धास्त असतो, आणि समोरच्या जर्मन गाडीचा दिवा केवढ्याला येतो हे कळेपर्यंत तसाच राहतो.

लायसन्सची मुदत सहा महिने. भारतीय लायसन्सवर तेवढे दिवस गाडी चालवता येते, मग लेखी परीक्षा, धोका ओळखण्याची परीक्षा आणि रस्त्यावरची परीक्षा. वीस वर्षे लक्ष्मी रोडवर गाडी हाकलेला माणूस तिसरीत बहुधा एकदा नापास होतो, कारण त्याने मान वळवून मागे पाहिलेले नसते. पण शहराच्या मध्यभागी त्याच्यासाठी एक सुखद धक्का राखलेला असतो. तिथे ट्रामला वाट मिळावी म्हणून काही चौकांत उजवीकडे वळायचे असेल तर आधी अगदी डावीकडच्या लेनमध्ये जावे लागते, चौकात थांबावे लागते आणि मग सगळा रस्ता आडवा कापून वळावे लागते. याला ‘हुक टर्न’ म्हणतात. इतर राज्यांतून आलेले ऑस्ट्रेलियन लोक याला घाबरतात. पुणेकराला ते शिकवावे लागत नाही.

विम्याचा अर्ज भरताना वय, लायसन्सचे वर्ष, उपनगर यांच्यानंतर एक साधा प्रश्न येतो: गाडी रात्री कुठे असते? भाड्याच्या घराला गॅरेज असते, म्हणून अर्जदार प्रामाणिकपणे ‘कुलूपबंद गॅरेज’वर खूण करतो आणि हप्ता थोडा उतरतो. अडीच महिन्यांनी सामान येते. एव्हाना गाद्या, भांडी, खुर्च्या सगळे नवे घेऊन झालेले असते, त्यामुळे खोके उतरवून घेणारी माणसे ‘कुठे ठेवू?’ विचारतात तेव्हा उत्तर एकच असते. गॅरेजमध्ये एकावर एक त्रेसष्ट खोके लागतात, सर्वांत पुढे सतरावा, आणि दाराशी पाटा, कारण तो आणखी आत न्यायला कोणी तयार नसतो. गाडी त्या रात्रीपासून रस्त्यावर. आठवडाभर विचार करून गृहस्थ विमा कंपनीला फोन करतो आणि रात्रीचा मुक्काम बदलल्याचे कळवतो. हप्ता वाढतो. हा फरक शिपिंगच्या कोटेशनमध्ये धरलेला नसतो.