आतून चुना

डॉक्टर मॅडमनी छोट्या आरशाच्या दांड्याने माझ्या दाढेवर टकटक केलं आणि विचारलं, "काका, इथं?" मी खुर्चीतून वीतभर वर उडालो. त्यांना उत्तर मिळालं. पण उडता उडता माझ्या मनात आलं, अरे, हे तर आपलंच काम!

तीस वर्षं मी कोळशाच्या भूमिगत खाणीत मायनिंग सरदार होतो. सरदार म्हटलं की लोकांना घोडा आणि तलवार दिसते. माझ्याकडे काठी आणि दिवा होता. काठीने छताला ठोकायचं आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर छत पक्कं; भदभद वाजलं तर वरचा थर सुटलाय, माणसं मागे घ्या. दाढ बिचारी यातलं काहीच वाजत नाही. तिच्या वतीने पेशंट वाजतो.

दाढ बिघडली त्याचं श्रेय आमच्या राजूरला. गाव जगलं दोन गोष्टींवर, काळा कोळसा आणि पांढरा चुना. कॉलरीत कोळसा, भट्ट्यांवर चुना. मी ड्यूटीभर काळ्याची चाकरी केली आणि गालात पांढऱ्याची सोय ठेवली, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा. खाणीत बिडी-काडी नेणं गुन्हा, उतरण्याआधी झडती होते. खर्रा पेट घेत नाही, एवढ्या एका गुणावर तो आमच्यात टिकला. सुपारी फोडून फोडून दाढेला तडा गेला, तड्यातून कीड आत उतरली आणि एका रात्री दाढ अशी ठणकली, की पहाटे मी वणीच्या ऑटोत बसलो होतो.

"रूट कॅनाल करावं लागेल, काका."

"इनक्लाइन की शाफ्ट?" मी विचारलं. उतरता बोगदा की उभी विहीर, हे मॅडमना कळलं नाही. दाढ खालची, म्हणजे वरून सरळ खाली, म्हणजे शाफ्टच. मी निर्धास्त झालो. मग त्यांनी एक्स-रे दाखवला. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन बोगदे असतात, आणि माझ्या दाढेतले पुढचे दोन नदीसारखे वळलेले. इतकं वाकडं काम आमच्या कुठल्याही सर्व्हेयरने पास केलं नसतं.

आधी त्यांनी हाताने एक बारीक स्टीलची फाइल घातली. टोक 0.15 मिलिमीटर. मग यंत्राला वेगळीच फाइल लावली. लावण्याआधी बोटाभोवती वाकवून दाखवली. सोडली की टुणकन सरळ. ही निकेल-टायटॅनियमची. स्टीलची जाड फाइल वाकड्या बोगद्यात गेली की सरळ व्हायला बघते आणि नसलेला रस्ता खोदते; ही मात्र वळणावळणाने जाते.

या धातूची गोष्ट मी नंतर नातवाच्या मोबाईलवर वाचली. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांनी तो हाताळला; निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेचं नाव जोडून झालं निटिनॉल. एका बैठकीत त्याची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत होती. एकाने तिला लायटर लावला आणि पट्टी आपली आपण उलगडली. बैठकीत एखाद्याने लायटर काढल्यावर काहीतरी चांगलं घडल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण. दाढेत अर्थात लायटर लागत नाही, तिथे नुसता लवचीकपणा पुरतो. 1988 साली वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी दात सरळ करायच्या तारेपासून अशा फाइली घडवल्या; त्या स्टीलच्या दोन-तीन पट लवचीक निघाल्या. पुढे त्यांना मोटर लागली.

माझ्या तोंडात मोटर मिनिटाला तीनशे फेरे घेत होती. फाइल अडली, ताण वाढला, की यंत्र आपणहून उलटं फिरे. कोळशाचे टब ओढणारं आमचं हॉलेज मात्र टब अडकल्यावर फक्त शिव्या ऐकून थांबायचं.

"तुटली तर?" हे मी "उहई अ?" असं विचारलं. मॅडमना ही भाषा येत होती. म्हणाल्या, "स्टीलची फाइल तुटायच्या आधी वाकते, तिचे पीळ उलगडतात. दिसतं. ही बरेचदा काहीच दाखवत नाही. म्हणून मोजून वापरायची आणि टाकून द्यायची."

मला एकदम लाकडी टेकू आठवले. जुनी माणसं खाणीत लाकडावरच भरवसा ठेवायची. भार वाढला की लाकूड करकरतं, चिरकतं, चार शब्द बोलतं, तेवढ्यात माणूस बाजूला होतो. लोखंडी टेकू ताकदीचा, पण अबोल. आमच्या म्हाताऱ्या ओव्हरमनला लोखंडाखाली जेवण जात नसे. तो नंतर दाताचा डॉक्टर झाला असता तर उत्तम झाला असता; पण त्याला स्वतःलाच दात नव्हते.

बोगदे धुऊन झाले. "आज आत औषध ठेवते. पुढच्या आठवड्यात गटापर्चा भरू." गटापर्चा म्हणजे झाडाचा चीक, एकेकाळी समुद्राखालच्या तारांना गुंडाळायचे. कोळसा काढलेली पोकळी आम्ही वाळू-पाण्याने भरायचो, तसंच.

"औषध कोणतं?"

"कॅल्शियम हायड्रॉक्साइड."

मी ताडकन उठून बसलो. म्हणजे विरवलेला चुना! कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की फसफसून होतो तोच! 1920 सालापासून, हर्मान नावाच्या गृहस्थाने दाखवल्यापासून, जगभरचे दंतवैद्य जंतू मारायला तो दाढेत भरतात. मी जन्मभर दाताला बाहेरून लावला, मॅडम आतून लावत होत्या.

परतल्यावर राजूरच्या ठेल्यावर ही हकिगत ऐकून ठेलेवाला मित्र म्हणाला, "म्हंजे वणीले जाऊन चुना लावून आला, अन् वरून पैसे देऊन आला? बाप्पा! घोटू का एक?"

मी ठामपणे "नको" म्हणालो. पण इंजेक्शनने अर्धी जीभ अजून बधिर होती. 'न' आणि 'क' वाटेतच गळाले आणि बाहेर पडलं ते "अओ".

आमच्याकडे "हओ" म्हणजे हो. त्याने पन्नी पसरली.