बाटला बाटला!

आमच्या बोईसरला सिलिंडर म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा. इथे बाटला म्हणतात. घरातला गॅसचा बाटला, कारखान्यातला नायट्रोजनचा बाटला. आणि अच्छाडच्या नाक्यावर एक्साइजवाले जिची वाट बघत असतात, ती दमणची बाटली. ती पकडली जाते तेवढी पेपरात येते, उरलेली पार्टीत येते.

अडला तो बाटला. तारापूर एमआयडीसीतल्या एका स्नेह्यांनी परदेशातून यंत्र मागवलं, त्याच्यासोबत खास वायूमिश्रणाचा एक बाटला आला. वायू संपला. इथेच भरून घेऊ म्हणून त्यांनी गॅसवाल्याला बोलावलं. त्याने बाटला गोल फिरवला, खांद्यावरचे ठसे वाचले आणि हात मागे घेतला. "साहेब, हा आपल्यातला नाही."

मराठी कानाला हे वाक्य नवं नाही. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये मंडळी व्याख्यानाला गेली, चहा समोर आला आणि पुढे ग्रामण्य उभं राहिलं. टिळक आणि रानडे, एरवी एकमेकांशी न पटणारे, प्रायश्चित्तापाशी एकत्र आले. तिथे कपाने बाटवलं, इथे समुद्राने.

प्रायश्चित्ताचा विधीही पाण्याचाच. बाटल्यात काठोकाठ पाणी भरायचं, नेहमीपेक्षा बराच जास्त दाब द्यायचा, तो किती फुगतो आणि पुन्हा मूळ मापावर येतो का ते पाहायचं. याला हायड्रोटेस्ट म्हणतात. देशी बाटल्यालाही ती ठरावीक वर्षांनी चुकत नाही आणि चुकू नये. दीडशे बारच्या बाटल्याची मान मोडली तर तो भिंतीला जुमानत नाही, आणि स्फोट म्हणजे काय हे तारापूरकरांना कुणी शिकवायला नको. रंगांचंही तसंच. अमेरिकेत ऑक्सिजनचा बाटला हिरवा असतो, युरोपात गडद हिरवा खांदा आर्गॉनचा. आपल्याकडे ऑक्सिजन काळ्या अंगाचा, पांढऱ्या मानेचा. रंगावर विसंबून नळी जोडली तर रोगी श्वासाऐवजी आर्गॉन ओढेल. तेव्हा सोवळं हवंच.

माझी तक्रार एवढीच, की हा बाटला तिकडे स्नान करून आलेला आहे. तारीख खांद्यावर ठोकलेली आहे. पण तिकडचं पाणी इथे चालत नाही. १८८४ चा स्फोटकांचा कायदा, २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आणि 'पेसो' या स्फोटक-सुरक्षेच्या सरकारी धर्मपीठाची मान्यता, एवढं जुळल्याशिवाय त्यात फुंकरही मारता येत नाही. पीठ आहे नागपुरात. राज्य एकच, फक्त आम्ही या टोकाला आणि शिक्का त्या टोकाला.

सोवळं आपणच पाळतो असंही नाही. अमेरिका आणि कॅनडा भिंतीला भिंत लावून राहतात, तरी कॅनडाचा बाटला बऱ्यापैकी पंगतीला घ्यायला अमेरिकेला २०१७ उजाडलं. युरोपने सगळ्यांत मिळून 'पाय' हे ग्रीक अक्षर ठोकायचं ठरवलं. ब्रिटन वेगळा निघाला आणि त्याने स्वतःसाठी 'ऱ्हो' घेतलं. वाटण्या झाल्या की भांड्यांवर नावं घालावीच लागतात.

गंमत म्हणजे हे सगळं तारापुरात घडतंय. १९६९ पासून इथे अणुवीज केंद्र चालू आहे. आधी अमेरिकेचं इंधन आलं. पोखरणनंतर अमेरिकेने हात आखडला, मग फ्रान्स, मग चीन, मग रशिया. चार देशांचं युरेनियम एका चुलीत जळलं आणि चूल काही बाटली नाही.

आणि बाटला तरी कायमचा कुठे बाटतो? मे २०२१ मध्ये देश ऑक्सिजनसाठी धावत होता, तेव्हा परदेशी उत्पादकाचा कारखाना जाऊन बघण्याची अट पेसोने बाजूला ठेवली. आयएसओचं प्रमाणपत्र, ड्रॉइंग, हायड्रोटेस्टचा दाखला, त्रयस्थ तपासणीचा दाखला ऑनलाइन पाठवा, मंजुरी घ्या. शास्त्रात याला आपद्धर्म म्हणतात. तेव्हा ज्या कागदांवर लोकांनी श्वास घेतला, त्याच कागदांवर आमच्या स्नेह्यांचं यंत्र का चालू नये, हे मी विचारलं. ते म्हणाले, "आपदा कुठे आहे? मी एकटाच अडलोय."

परत पाठवावा, तर न धुतलेला रिकामा बाटलासुद्धा वाहतुकीच्या नियमांत धोकादायक मालच. त्याचे कागद वेगळे.

परवा गेलो तेव्हा तो गेटपाशी साखळीने बांधून उभा होता. वॉचमन उमरगावचा. त्याचे आजोबा ठाणे जिल्ह्यात जन्मले आणि १९६० साली घराचा उंबरा न ओलांडता गुजरातेत गेले. त्याने बाटल्याच्या मानेला लिंबू-मिरची बांधली होती. म्हणाला, "साहेब, ही दोन्हीकडे चालते."