तापमानाचा कारभार

रेडिंग, इंग्लंड

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांच्या चरणी रेडिंगकर मंडळींचा साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

येथील घरातील बिनतारी थर्मोस्टॅट नुकताच बदलण्यात आला असून, ‘बॉयलर बिघडला’ अशी जी वार्ता मावशींमार्फत पुण्यास पोहोचली, ती वस्तुस्थितीला धरून नाही. परळीच्या वीज केंद्रात बाबांनी ज्या बॉयलरांची सेवा केली, त्यांत पाण्याची वाफ होऊन तिच्यावर टर्बाइन फिरे. येथे स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या कॉम्बी बॉयलरमध्ये मात्र पाणी उकळूही दिले जात नाही. गॅसवर चालणारे हे यंत्र नळ उघडताच आंघोळीचे पाणी तापवते, आणि एरवी रेडिएटरांमध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या पोकळ पोलादी पत्र्यांमध्ये, गरम पाणी खेळवते. पहिले काम ते नळाच्या इशाऱ्यावर करते. दुसऱ्यासाठी खोलीत थंडी आहे की नाही हे त्यास सांगावे लागते, आणि ते सांगणारा थर्मोस्टॅट होय.

दोषाचा निवाडा यावरूनच झाला. न्हाणीघरात पाणी कढत येत असता रेडिएटर गार होते. परंतु बॉयलरशेजारच्या रिसीव्हरवरील, म्हणजे थर्मोस्टॅटचा रेडिओसंदेश झेलणाऱ्या डबीवरील, हाताने चालू करण्याचे बटण दाबताच ते तापू लागले. अर्थात बॉयलर निर्दोष, निरोप्या मुका. बाबांनी फोनवरून वारंवार सुचवल्याप्रमाणे त्याचे पेन्सिल सेल बदलूनही त्यास वाचा फुटली नाही, तेव्हा नवा संच आणणे प्राप्त झाले.

जोडणीचे काम सूनबाईंनी केले व चिरंजीवांकडे टॉर्च धरण्याची जबाबदारी सोपवण्यात आली, जी त्यांनी चोख पार पाडली. प्रथम बॉयलरचा वीजपुरवठा ३ अँपिअरचा फ्यूज असलेल्या त्याच्या स्वतंत्र स्विचवर बंद करून, टेस्टरने खात्री करून, जुन्या तारांचे छायाचित्र घेण्यात आले. रिसीव्हरला स्वतःसाठी २३० व्होल्टच्या दोन तारा लागतात. याखेरीज आणखी दोन टोके असतात, जी आतील रिले, म्हणजे विजेने हलणारा छोटा स्विच, थंडी असता जोडतो व ऊब येताच तोडतो. काही बॉयलरांत या टोकांतून घरगुती दाबाची वीज जाते, तर काहींत केवळ अल्प दाबाची. येथे गफलत झाल्यास बॉयलरचे सर्किट जळू शकते, म्हणून बॉयलरची पुस्तिका आधी वाचावी लागते, आणि सूनबाईंनी ती वाचली होती, ही या घरातील अपूर्व घटना होय. गॅसच्या भागास हात लावण्याचा अधिकार ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या कारागिरांनाच असल्याने बॉयलरचे आवरण उघडण्यात आले नाही. त्यानंतर रिसीव्हर व थर्मोस्टॅट यांची बटणे दाबून परस्परांची ओळख करून देण्यात आली, कारण ही ओळख नसल्यास शेजाऱ्यांच्या थर्मोस्टॅटने आपले घर तापवण्याचा प्रसंग ओढवावा.

खरा पेच मात्र तार नसल्यामुळे निर्माण होतो, कारण असा थर्मोस्टॅट कोणालाही उचलून कोठेही ठेवता येतो. त्याची योग्य जागा जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, ऊन, वाऱ्याची झुळूक व रेडिएटर यांपासून दूर अशी मानली जाते. जुना थर्मोस्टॅट देव्हाऱ्याशेजारी विराजमान होता. परिणामी मार्गशीर्षातील गुरुवारी समई तेवू लागली की खोलीत उन्हाळा आल्याचा साक्षात्कार त्यास होई, बॉयलर विझे, आणि भाविक मंडळी स्वेटर घालून व्रतकथा ऐकत. नव्यास आता जिन्याजवळच्या भिंतीवर स्क्रूने जखडण्यात आले आहे.

येथेच मुक्कामास असलेल्या मावशींचा आणखी एक गैरसमज मात्र अद्याप दूर झालेला नाही. १९ ऐवजी २८ अंश लावल्यास घर लवकर तापते, असे त्यांचे मत असून त्या ते रोज पहाटे अमलात आणतात. वस्तुतः असा थर्मोस्टॅट केवळ चालू-बंद करतो, आणि लिफ्टचे बटण जोरात दाबल्याने ती जशी लवकर येत नाही, तसाच हाही प्रकार आहे. घर तापते पूर्वीच्याच गतीने, फक्त थांबत नाही, व त्यानंतर मावशी खिडकी उघडतात. नवा थर्मोस्टॅट तर ठरलेल्या तापमानाच्या जवळ येताच दर दहा मिनिटांपैकी किती मिनिटे बॉयलर पेटवावा याचा हिशेब स्वतः करतो, जेणेकरून घर आधी फार तापून मग गार पडू नये. मावशींनी त्या हिशेबावर अविश्वास ठरावच आणला आहे. बटणांना कुलूप लावण्याची सोय त्यात आहे, तथापि वडीलधाऱ्यांविरुद्ध ती वापरावी किंवा कसे, याविषयी घरात मतभेद आहेत व आईंचा अभिप्राय मागवण्यात येत आहे.

जुना थर्मोस्टॅट टाकून देऊ नये, पुढील उन्हाळ्यात येऊन उघडून पाहू, या बाबांच्या निरोपानुसार तो कपाटात जपून ठेवला आहे. मात्र त्यात घातलेले नवे सेल नातवाच्या रिमोटच्या गाडीत गेले आहेत.

कळावे, लोभ असावा.

रेडिंगकर मंडळी