सेक्रेटरीला न ऐकू येणारे वाद्य

कल्याण-डोंबिवलीच्या वन-बीएचकेत सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचा पहिला श्रोता म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी. विसर्जनाला डीजेच्या भिंती सोसणारे कान सकाळच्या रियाजाला मात्र एकदम नाजूक होतात. तेव्हा हेडफोन लावून फुंकायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य घ्यावे, हे पटते. पटत नाही ती निवडीची रीत. गिऱ्हाईक आधी विचारते, आवाज किती प्रकारचे? शेकडो असले तरी वापरात येणार दोन-तीन. खरी परीक्षा बोटांची. सॅक्सोफोनच्या चाव्यांवर बोटे नुसती टेकवता येतात. आकाईच्या ईडब्ल्यूआय या इलेक्ट्रॉनिक वाद्याला मात्र स्पर्श झाला की सूर बदलतो. दाबायच्या चाव्यांची सवय असेल, तर रोलँडचा एरोफोन किंवा यामाहाचा वायडीएस-150 जवळचा वाटेल. बासरीवाल्याची पंचाईत आणखी मोठी. तो भोकावरचे बोट हळूहळू उचलत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो, म्हणजे मींड घेतो. चावीला फक्त हो आणि नाही कळते. मींड मग अंगठ्याने किंवा ओठांच्या दाबाने काढायची, म्हणजे पुन्हा शिकणे आलेच.

विजेचे वाद्य बाटगे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी मैफलीत गायकामागे गुणगुणणारा इलेक्ट्रॉनिक तानपुरा पाहावा. मींड येत नाही, हा ठपका हार्मोनियमवरही होता. आकाशवाणीने 1940 ते 1971 तिला दाराबाहेर ठेवले. आज ठाण्यात पेटीवाचून मैफल बसत नाही. त्या हिशेबाने नव्या नळीलाही मान्यता मिळायला तीसेक वर्षे लागतील. तोवर हेडफोन आहेतच. बेसूर वाजले तरी तक्रार कोण करणार?