सरका थोडं, वाशिम यायचंय

‘मेडशी’ हे गावाचं नाव म्हटलं की मराठी माणूस तीन अक्षरं मोजतो. ‘सी’ भाषेतलं लांबी मोजणारं ‘स्ट्रलेन’ यूटीएफ-८मध्ये १५ बाइट मोजतं. मात्रा-वेलांटीलाही पूर्ण तिकीट. शेवटी मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्याचा एक, झाले १६.

आता पुढे स्वल्पविराम, मोकळी जागा आणि ‘वाशिम’ जोडायचं. लागणार ३३ बाइट. पण जोडणी करणारं ‘स्ट्रकॅट’ जागा आहे का, हे विचारतच नाही. काळीपिवळीचा ड्रायव्हर निदान ‘सरका थोडं’ म्हणतो; हे गृहस्थ थेट शेजारच्या डेटाच्या मांडीवर!

१ जुलै १९९८ला वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. ‘अकोला’ १५ बाइटांचं, ‘वाशिम’ही तेवढंच; पत्त्यात एकाच्या जागी दुसरं चपखल बसतं. सरकारनं नकळत प्रोग्रामरवर केलेली कृपा. मेडशीच्या तालुक्याचं ‘मालेगाव’ मात्र २१ बाइट अडवतं.